रुपरावचं पहिलं पान

चंदननं होळीपासून दारू सोडली होती. सोडली म्हणजे सोडली, उगाच कमी केली-बिमी केली असं नाही. सुरुवातीला हात एवढे थरथरायचे की जरीपटका भागातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू धरवत नसे. सव्विसाव्या वर्षी म्हाताऱ्याचे हात! तरी मालकानं ठेवून घेतलं, अन् दर रविवारी दारू सोडलेल्यांच्या बैठकीत जाऊन जाऊन गडी तगला. तिथली माणसं एकच सांगत: भ्यायचं ते पहिल्या घोटाला, बाकीची बाटली आपल्या पायानं येते.

अन् आता पितृपक्ष आला. बाप, रुपराव, मागच्या वर्षी दारूपायीच गेला. त्याचं हे पहिलं पान. घरची रीत अशी, की मेलेल्याला जे आवडे ते पानावर वाढायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा, अन् पानावरचा प्रसाद आधी मुलानं घ्यायचा. म्हणून वडे, कढी, मटण, अन् स्टीलच्या पेल्यात देशी. जिनं माणूस नेला, तीच त्याला मानानं वाढायची! पण रीतीपुढं बोलतो कोण?

रुपरावच्या थोरल्या भावानं, मोठेबाबा नत्थूजींनी, पेला पुढं केला. “घे गा चंदन. दारू नोहे हे, परसाद आहे.”

“मले नाही जमत, मोठेबाबा.”

“एका घोटानं काय होते? बाप उपाशी जाईन ना तुया!”

खोटं कशाला सांगा, चंदनला ती हवी होती. वासानंच जीव कासावीस झाला होता. त्यानं आईकडं पाहिलं.

भागीरथा डोळे पुसत म्हणाली, “घे ना रे बापा. एकच घोट.”

पोरगा सुटला म्हणून देवापुढं नारळ फोडणारी हीच बाई! चंदनला तिचा संताप आला. त्यानं पेला उचलला अन् सरळ मोरीत नेऊन पालथा केला.

“बापाचं पान बाटवलं गा!” नत्थूजी ओरडले.

“आई,” चंदन म्हणाला, “बाबा दवाखान्यात शेवटी काय मागत होते वं? दारू?”

रुपरावच्या पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी ओठ ओले करण्यापुरतंच द्या म्हणून बजावलं होतं, अन् तो सारखा भागीरथाचा हात ओढायचा.

“पानी मागत होते,” ती म्हणाली. “म्या देलं नाही.”

ती उठली. पेला घासला, माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरला अन् पानावर ठेवला. जरा वेळानं तोच उचलून पोराच्या हातात दिला.

“घे,” ती म्हणाली. “आता घे परसाद.”