शंभरातले अठरा

नारायणरावांचं उजवं अंग लुळं पडलं, तशी त्यांची मुलगी संजीवनी पुण्यातली खोली सोडून दुसरबीडला आली. कंपनीनं घरून काम करू दिलं, पण अट घातली: ग्राहकांशी बोलताना आवाज तुटता कामा नये, आणि मोबाईलचं नेट चालणार नाही. गावात वायरचं नेट एकच होतं, केबलवाल्याचं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या वरिष्ठ गार्गी मॅडमनी बजावलं, "सोमवारपर्यंत नेट सुधार. मग माझ्या हातात काही नाही."

शनिवारी सकाळीच ती लॅपटॉप घेऊन बसली. वायफाय बंद करून थेट राउटरला वायर जोडली. राउटरपर्यंत शंभर पिंग, म्हणजे लाइन तपासायचे छोटे संदेश, पाठवले; शंभरच्या शंभर क्षणात परत आले. बाहेरच्या सर्व्हरला पाठवले, तर अठरा गडप, आणि बाकीचे रखडत, रांगत आले. सिग्नल वाटला जाऊ नये म्हणून तिनं केबलचा टीव्हीकडे जाणारा फाटा काढला.

"टीव्ही काऊन बंद केला, संजू?" आतून जड जिभेनं नारायणराव म्हणाले.

"वायर पाहून राह्यली, बाबा."

आता अकराच गेले. तिनं उत्साहानं पुन्हा मोजलं. एकवीस.

दुपारी केबलवाल्याकडचा दीपक आला. त्यानं वायरचं टोक कापून नवी पिन बसवली, मीटर लावला आणि मान हलवली. "ताई, तुमच्या घरात काही खराबी नाही. मांगूनच सिग्नल येऊन नाही राह्यला."

त्यानं तिला खांबापाशी नेलं. पेटीला झाकण नव्हतं. आतलं सिग्नल वाढवणारं यंत्र गंजून हिरवं पडलं होतं, त्यात मुंग्यांनी माती भरली होती.

"हे बदललं तर?"

"याच्या मांगं असेच पाच आहेत. मालक म्हणते, चाळीस गिऱ्हाईक राह्यले, त्याइच्यासाठी नवी लाइन कोण टाकते?"

"अन् फायबर?"

"येऊन राह्यलं म्हणतात. दोन वर्सं झाले, मी बी ऐकूनच राह्यलो."

संजीवनीनं सगळे आकडे गार्गी मॅडमना पाठवले. तासाभरात त्यांचा फोन आला. घरून काम बंद. सोमवारी पुण्यात ऑफिसला ये, नाहीतर राजीनामा पाठव. त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता.

नारायणरावांनी सगळं ऐकलं होतं. "तू जाय पुण्याले. मी करतो माह्यं माह्यं."

बोलता बोलता त्यांनी डाव्या हातानं पेला उचलला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. संजीवनीनं कपाटातून कोरडा सदरा काढला, त्यांचा लुळा हात अलगद बाहीत घातला, गुंड्या लावल्या. मग बाहेरच्या खोलीत येऊन राजीनामा लिहिला. तो पाठवायलाही चार वेळा बटण दाबावं लागलं.