बिनसाथीचा सूर

वैशाखाची संध्याकाळ सोलापुरावर तांबूस, तप्त, तहानलेली उतरत होती. कडुनिंबाच्या पानापानांवर धूळ, धुळीच्या कणाकणांवर ऊन. आणि शाळेच्या सभागृहात झरोक्यांतून शिरलेले ते धूळभरले किरण, तेही एका जागी थांबायला तयार नव्हते.

थांबायला तयार नव्हते पद्मक्काचे हातही. घडीत पदर, घडीत चष्मा, घडीत मुठीतला वीतभर माउथ ऑर्गन.

तीस वर्षे ती घरच्या यंत्रमागाशेजारी उभी राहून वाजवत आली. धोटा धावे, फणी आपटे, आणि त्या लोहनादी, अखंड, आंधळ्या खडखडाटावर तिचे ब्लूज, सातासमुद्रापलीकडच्या कष्टकऱ्यांचे ते कढत, कळवळते गाणे, स्वार होऊन निघे. गेल्या महिन्यात माग भंगारात गेला. घरात शांतता आली, आणि शांततेचे बोट धरून एक प्रश्न आला. इतकी वर्षे वाजवत कोण होते? मी, की माग?

म्हणून तर माउथ ऑर्गन मंडळाच्या मेळाव्यात तिने हट्ट धरला होता : साथ नको.

"अक्का, साथीचा ट्रॅक लावू का वो?" मंडळाचे नागेश बोल्ली तिसऱ्यांदा विचारत होते. "नुसत्यावर लोकं चहाला उठतेत बगा."

"उठू द्या की, अण्णा. गरम तरी मिळंल त्यांना."

पडदा सरला. समोर शंभर माणसे. ओंजळीतून पहिला सूर निघाला, आणि पळाला. मागाच्या सवयीने पळाला, धोट्यामागच्या दोऱ्यासारखा. पण पुढे धोटाच नव्हता. दोन ओळींमधल्या जागा, आजवर मागाने बुजवलेल्या, विहिरींसारख्या उघड्या पडल्या. पाय चुकला. सूर अडखळला.

आणि सोलापूरचा माणूस मोठा कनवाळू. बाई अडली हे पाहून पहिल्या रांगेने भजनाचा ठेका धरला. टाळीला टाळी, टाळीला टाळी. अवघे सभागृह मदतीला धावले. किती सोपे होते! त्या टाळ्यांवर सूर टेकवला की निभावले. नवा माग, दोनशे हातांचा.

पद्मक्काने बाजा खाली घेतला. हात जोडले.

"थांबा हो जरा. माझं मलाच ऐकू येईना."

टाळ्या ओशाळल्या. विरल्या.

ती उभी राहिली, त्या उघड्या, उदास, अथांग निःशब्दतेत. ब्लूजचा हा सूर फुंकायचा नसतो, ओढायचा असतो. श्वास आत घेता घेता वाकवायचा, दुखेपर्यंत वाकवायचा. तिने ओढला. सूर लवला, लवला, आणि त्याच्या तळाशी तिला ऐकू आली एक खरखर, कापसाचे तंतू गिळलेल्या छातीची, जी मागाने तीस वर्षे झाकून ठेवली होती. ओबडधोबड, कातर, केवळ तिची.

'अगं बाई,' ती मनात म्हणाली, 'ही मी होय.'

मग ती घाईत नव्हती. ओळ संपे, पोकळी येई. पोकळीला ती पोकळी राहू देई. शेवटचा सूर तिने आत ओढला, खोल, अधिक खोल, इतका की शंभर छात्या त्याच्यासवे आत ओढल्या गेल्या आणि तिथेच अडकल्या.

आणि मग तिने श्वास सोडला. हळू. फार हळू. आणि सभागृहाने सोडला.