सहावं घर

"किती घरां गो ह्या रिव्हॉल्वराक?" सहदेवकाकांनी विचारलं.

"सहा."

"आणि तू किती मोजलंस?"

"एक," मी म्हणाले. "पण तीनदा."

बाकावर बसलेला दशरथ खो खो हसला. हत्यार त्याचंच. ते ठीक असल्याचं पत्र मी टाइप करून ठेवलं होतं, फक्त काकांची सही राहिली होती. अकरा वर्षं तो मुलुंडच्या एका सराफाच्या दारात स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्वर बाळगून उभा होता. आता नव्या शेठनं बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत मिस्त्रीचं पत्र आण, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

मी फिजिक्सची पदवीधर, काकांच्या बंदूक-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये चार महिन्यांची शिकाऊ. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट एकाच घरापाशी मोजली, तिन्ही वेळा आकडा एकच आला, आणि मी खूश झाले.

काकांनी सिलिंडरमधली गोळ्यांची घरं रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली. घोडा ओढला, नळीतून पितळी गज सोडला. तो सरळ समोरच्या घरात उतरला. पाच घरांत तसाच. सहाव्याच्या कडेला टक् करून अडला.

"हे नळीसमोर नीट येतच नाही," मी म्हणाले.

"माका सही करूक येवची नाय."

दशरथचं हसू गेलं. "मिस्त्री, वाट लावू नका हो! अकरा वर्षांत एक गोळी झाडली नाही. नुसतं कमरेला असतं ते."

"आणि झाडूची वेळ इली तर? शिशाचे तुकडे बाजूक उडतले. तुझ्या बाजूक कोण असता?"

दशरथ बाकावरून उठला.

"काउंटरवरची नीला," तो म्हणाला. "द्या तो गज इकडे."

त्यानं स्वतः घालून पाहिला. अडला. पुन्हा घातला, पुन्हा अडला.

"किती दिवस?"

"शुक्रवारपर्यंत दुरुस्त होतला."

"ताई, नवीन पत्र लिहा. खरं ते लिहा."

मी दोष लिहिला, शुक्रवार लिहिला. मग कुणी न सांगता एक ओळ वाढवली: दोष दिसताच राखणदाराने हत्यार स्वतःहून दुरुस्तीला दिले. काकांनी वाचलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम सराफाच्या दुकानावरून गेले. दशरथ दारात होता, हातात काठी.

"शेठ काय म्हणाले?"

"पत्र दोनदा वाचलं. म्हणाला, शुक्रवारपर्यंत असाच उभा राहा."

कमरेचं रिव्हॉल्वरचं चामडी पाकीट रिकामं होतं. तरी त्याचं बटण त्यानं नीट लावलेलं होतं.