आधी बोलायचं कोणी?

घरातली सगळी माणसं तिला बेबी म्हणत. तिची चाळिशी उलटली होती, एका मोबाइल कंपनीचं अख्खं नेटवर्क ती सांभाळायची, भलेभले इंजिनिअर तिच्या केबिनबाहेर घसा साफ करत उभे राहायचे. पण आईच्या घरी आली की ती बेबी. तिची वहिनी प्रतिस्पर्धी कंपनीत त्याच हुद्द्यावर होती. कामाचं घरी आणायचं नाही, असं दोघींचं ठरलं होतं आणि बरीच वर्षं ते छान निभलंही. मग वहिनीने सासूबाईंचा नंबर बेबीच्या कंपनीतून आपल्या कंपनीत नेला.

"माझ्या आईचा नंबर पळवलास!" एवढं बोलून बेबीने जो अबोला धरला, तो धरलाच. वहिनीही काही मेणाची नव्हती. आपण होऊन तोंड उघडायचं नाही, असं तिनेही मनाशी पक्कं केलं. त्या पळवलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, म्हणून बेबी दर आठवड्याला स्वतः आईला भेटायला यायची, पण वहिनी ऑफिसला गेल्याची खात्री करून.

नेमकं तेव्हाच जुनं नेटवर्क बंद करून नव्यावर जायचं सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं. एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीला नव्या नेटवर्कवरूनही लागायला हवा, म्हणून संयुक्त समिती नेमली गेली. त्या समितीच्या टेबलाशी नणंद-भावजय समोरासमोर आल्या.

"अध्यक्षांनी समोरच्या मॅडमना विचारावं, त्यांची तयारी कुठवर आली," बेबी म्हणायची.

"अध्यक्षांनी त्यांना सांगावं, आमची कधीच झाली," वहिनी म्हणायची.

अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते. दोघींचं नातं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. स्पर्धा फारच चुरशीची दिसते, एवढंच त्यांना वाटे.

चाचणी सुरू झाली आणि घोडं अडलं. फोन लागायचा, घंटी वाजायची, पलीकडचा उचलायचा आणि पुढे काहीच नाही. नुसती शांतता. बेबीची माणसं म्हणत, दोष त्यांचा. वहिनीची माणसं म्हणत, आमच्याकडे सगळं ठीक आहे. आपल्या यंत्रांच्या नोंदी मात्र एकमेकांना दाखवायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी अध्यक्षांचा धीर सुटला. "दोन्ही नोंदी एकाच पडद्यावर लावा. आत्ता, माझ्यासमोर."

लावल्या, आणि वहिनीला हसू आवरेना. फोन जोडताना कुठल्या तरी एका यंत्राने आधी सांगावं लागतं की मी आवाज अमुक पद्धतीने पाठवणार. मग दुसरं हो म्हणतं. इथे दोन्ही यंत्रं समोरच्याची वाट बघत बसली होती. बेबीच्याही ओठांचा कोपरा हलला, पण तिने लगेच पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"मग आधी कोण बोलणार?" अध्यक्षांनी विचारलं.

वहिनीने समोर पाहिलं. बेबी वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आमचं यंत्र बोलेल आधी," वहिनी म्हणाली. तिच्या टीमने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने कंपनीच फुकट देऊन टाकली.

बदल झाल्यावर पहिला कॉल दोन्ही मॅडमनीच करावा, असं अध्यक्षांनी सुचवलं. त्या दोन वेगळ्या खोल्यांत गेल्या. त्यांचं बोलणं हॉलमध्ये स्पीकरवर ऐकू येणार होतं. तसं त्यांना सांगितलंही होतं.

"हॅलो. आवाज येतोय?" बेबीने विचारलं.

"येतोय." इतका स्वच्छ येत होता, की खुर्चीची करकरसुद्धा ऐकू आली. यापुढे चाचणीसाठी एक, दोन, तीन असे आकडे मोजून दाखवायचे होते. कोणीच मोजेना.

"का नेलास आईचा नंबर?" बेबी एकदम म्हणाली.

"अगं, तुझ्या कंपनीचा फोन स्वयंपाकघरात लागत नव्हता! थंडीत गॅलरीत उभ्या राहून बोलायच्या त्या तुझ्याशी."

"मला सांगायचं होतंस."

"तुझा फोन लागला असता तर सांगितलं असतं!"

पलीकडून काही तरी हुंदक्यासारखं ऐकू आलं.

"बेबी? रडतेस?"

"सर्दी झालीय."

"खोटं नको बोलूस. या नव्या नेटवर्कवर सगळं कळतं."

"मॅडम," मध्येच अध्यक्षांचा आवाज आला, "दोन्हीकडचा आवाज उत्तम आहे. आता थांबलात तरी चालेल."

हॉलमध्ये परतल्या तेव्हा सगळे इंजिनिअर छताकडे बघत होते. "अभिनंदन, बेबी मॅडम," एकाच्या तोंडून निसटलं आणि तो टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला लागला. पेन पडलंच नव्हतं.

संध्याकाळी दोघी एकाच गाडीतून घरी आल्या. बेबीने आईला सगळं सांगितलं: फोन आता कुठूनही कुठेही लागणार, आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येणार. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "पण तुमचा अबोला होता तेव्हा ही बेबी दर आठवड्याला माझ्यापाशी येऊन बसायची. आता नुसता फोनच करणार का?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. या वेळीही आधी कोण बोलणार, ते ठरेना.