मुसळ थांबेपर्यंत

लिगोमेका सरांनी आमच्या घरातली दोन नावं खोडली. पहिलं माझं, दुसरं माझ्या मुलीचं. पहिल्या वेळी मी रडले. दुसऱ्या वेळी मी मका कांडला.

माझं नाव एनेलेसी. आठवीत होते तेव्हा फानेसी माझ्या पोटात होती आणि तिचा बाप जोहान्सबर्गच्या बसमध्ये. लिगोमेका सर तेव्हाही मुख्याध्यापक होते; त्यांनी सकाळच्या रांगेत सगळ्या शाळेसमोर मला पुढे बोलावलं. म्हणाले, "ही आता आई झाली. हिला पुस्तक कशाला?" आणि माझ्या हातातलं शेतकीचं पुस्तक काढून घेतलं. पोरं हसली. मी घरी गेले आणि सोळा वर्षं घरीच राहिले.

बाळंत झालेल्या मुलीला वर्षभरानं शाळेत परत घ्यायचं, असा सरकारी नियम तेव्हाही होता. तो कागद सरांच्या टेबलाच्या खणात होता. मला तो कळला चौदा वर्षांनी, आई-गटाच्या शिबिरात. आई-गट म्हणजे गावातल्या आम्ही दहा बाया. शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी जायचं, आईबापांशी भांडायचं, मुलीला परत आणायचं, हे आमचं काम. शिबिरातल्या बाईंनी नियम वाचून दाखवला, तो कोणत्या वर्षीचा तेही सांगितलं. मी बाहेर गेले आणि आंब्याच्या झाडाखाली बोटांवर वर्षं मोजली. परत आत येऊन बसले आणि तो नियम तीनदा लिहून घेतला.

आता फानेसीचं सांगते.

ती सहावीत असताना एक दिवस तीन काठ्यांचा तिकोना घेऊन घरी आली. मधोमध दोरी, दोरीला दगड. म्हणाली, "आई, याच्यानं उताराची समान पातळी कळते. त्या रेघेवर वाळ्याचं गवत लावायचं. मग माती जात नाही." आमचं शेत डोंगराच्या पायथ्याशी. दोघी मायलेकी तो तिकोना घेऊन शेतभर फिरलो. बांधावरून शेजारीण अलेफा ओरडली, "काय गं, तुझी पोर शेतात भुतं मोजते का?" मी म्हटलं, "हो, तुझ्या सासऱ्याचं अजून सापडत नाहीये."

दोन वर्षांनी वादळ आलं. चार दिवस पाऊस, पाचव्या दिवशी डोंगरच खाली आला. अलेफाच्या शेताची माती नदीत गेली, तिच्या तुरीसकट. गावातल्या निम्म्या शेतांची माती गेली. आमच्या घराची भिंत माझ्या पायावर पडली आणि पाय मोडला, पण माती राहिली. वाळ्याच्या ओळींनी ती दातांनी धरावी तशी धरून ठेवली होती.

एक सत्र फानेसी शाळेत गेली नाही. मक्याच्या पिठाची न्सिमा तिनं रांधायची, पाणी तिनं आणायचं, शेत तिनं खणायचं, मला पाठीवर घेऊन दवाखान्यातही तिनंच न्यायचं. आणि उरलेल्या वेळात तिकोना खांद्यावर टाकून लोकांच्या शेतात जायचं. चाळीस शेतांत तिनं रेघा मारून दिल्या. भुतं मोजते म्हणणाऱ्या अलेफाच्याही.

मग ती शाळेत परत गेली आणि आठवीच्या परीक्षेची यादी लागली. फानेसीचं नाव नाही. वादळानंतर ज्यांचं सत्र बुडालं त्या सातही मुलींची नावं नाहीत. मुलगे होते दोन, ज्यांचं बुडालं होतं. त्यांची नावं होती.

मी सरांकडे गेले.

"सर, ती पास होईल."

"फानेसीची आई, होईल म्हणून चालत नाही. आपल्या शाळेचा निकाल शंभर टक्के असतो. शंभर टक्के म्हणजे काय, कळतं का तुला?"

"कळतं. ज्यांची खात्री आहे तेवढ्यांनाच बसवायचं."

सर हसले. "तोंड मात्र आठवी पास आहे तुझं. पुढच्या वर्षी बघू."

आमच्याकडे मुलीच्या बाबतीत पुढचं वर्ष म्हणजे नवरा. हे सरांना माहीत होतं. यादी शुक्रवारी तालुक्याला जाणार, त्यानंतर तिला हात लावता येत नाही, हेही माहीत होतं. आणि गुरुवारी परदेशी मदतसंस्थेचे पाहुणे येणार होते.

पाहुण्यांसाठी शाळेच्या फाटकावर कापडी फलक लागला होता: 'शिक्षणातून शाश्वत विकास'. पाहुण्यांना शाळा पसंत पडली तर चार नवे वर्ग बांधून मिळणार होते. सरांनी अंगणातले दगड चुन्यानं रंगवून घेतले. आणि बुधवारी सकाळी ते स्वतः माझ्या दारात आले. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"पाहुण्यांना तुझ्या शेतात आणणार आहे. आपल्या शाळेत शिकलेलं शेतात कसं उतरतं, ते दाखवायला. चांगलं नेस. प्यायला मक्याचा थोबवा कर."

माझ्या शेतात. जिच्या हातानं ते शेत वाचलं तिचं नाव खोडून, ते शेत पाहुण्यांना दाखवायचं. त्यांना दारातून हाकलायला मी तोंड उघडलं. पण त्याआधीच सर पुढे म्हणाले, "आणि तुम्ही आई-गटाच्या बाया मका कांडा. गाणंही म्हणा, आपलं जुनं. परदेशी लोकांना आवडतं ते."

"कांडणाचं गाणं, सर?"

"हो, तेच."

"नक्की ना? मुसळावरचं?"

"किती वेळा विचारशील."

दोनच वेळा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित त्यांना आठवलं असतं.

आमच्यात मुसळ चालू असेतो बाईच्या तोंडाला कुलूप नाही. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, गावच्या प्रमुखाबद्दल, जे एरवी बोललं तर मार पडेल ते बाई उखळाशी गाऊ शकते. कुणी तिला थांबवायचं नाही, कुणी राग धरायचा नाही. मात्र मुसळ खाली ठेवलं की विषय संपला. परत त्याचं नाव काढायचं नाही. सर आमच्यातलेच. त्यांची आई तर अशी गायची की त्यांचा बाप जेवण टाकून नदीवर जाऊन बसायचा. पण तीस वर्षं गिरणीचं पीठ खाऊन माणूस आपली आई काय गायची तेही विसरतो.

गुरुवारी दोन गाड्या आल्या. एकीतून पिकल्या केसांची परदेशी बाई उतरली, दुसरीतून तालुक्याचे शिक्षणाधिकारी सितोलो साहेब. आमची गावप्रमुख नासिबेको आजी आधीच चटईवर बसली होती. आमच्यात प्रमुखपण आईकडून लेकीकडे जातं, आणि तिच्याकडे ते चाळीस वर्षं आहे. सर काखेत निळी फाईल घेऊन पुढेपुढे करत होते. त्यांनी पाहुणीला वाळ्याच्या ओळी दाखवल्या, आमचा तिकोनासुद्धा हातात धरून दाखवला. उलटा धरला होता. फानेसी थोबवाचे पेले वाटत होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही.

मग सरांनी टाळी वाजवली आणि आम्ही तिघींनी मुसळं उचलली. मी, अलेफा आणि धाकटी चिमवेम्वे. एका उखळात तीन मुसळं, एकामागून एक. बाकीच्या बाया मागे ध्रुवपदाला.

मी सुरू केलं.

"डोंगर उतरला गं, माती कुणाची राहिली?"

"जिच्या लेकीनं ओळ वाळ्याची लावली," बाया म्हणाल्या.

पाहुणी डोलायला लागली. सर तिला इंग्रजीत सांगत होते. शेत वाचल्याचा आनंद गातात, असं काहीतरी. तेवढं खरंच होतं.

"त्या लेकीचं नाव गं, कोणत्या यादीत गेलं?"

"लिगोमेकाच्या पेनाखाली आडवं मेलं."

सितोलो साहेबांच्या हातातला पेला तोंडाशी थांबला. त्यांना आमची बोली कळते. सर मात्र सांगतच राहिले, घाम पुसत: "आता त्या पावसाचे आभार मानतायत."

तेव्हा फानेसी बोलली. पेल्यांचं ताट हातातच होतं. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण ते तिचं स्वतःचं होतं. "नाही बाई. पावसाचं नाही. आई म्हणतेय, की मी ही ओळ लावली आणि सरांनी माझं नाव परीक्षेतून खोडलं."

पाहुणीचं डोलणं थांबलं.

"फानेसी, आत जा," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "थांबवा हे. झालं पीठ."

"लिगोमेका," नासिबेको आजी म्हणाली, "मुसळ वर आहे. खाली बस."

"प्रमुखबाई, पाहुणे आलेत—"

"पाहुणे बसलेत. तूच उभा आहेस."

सर बसले. बायांच्या चटईवर बसावं लागलं, दुसरी जागा नव्हती.

पीठ खरंच केव्हाच झालं होतं. पण मुसळ खाली ठेवलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पाहुणे थोबवा पिऊन गेले असते, यादी उद्या गेली असती, आणि मला परत कधीही तो विषय काढता आला नसता. म्हणून मी कांडत राहिले. बाकीच्या सहा मुलींचीही नावं गायली, एकेक, प्रत्येकीच्या आईच्या नावासकट. त्यातल्या चार आया मागे ध्रुवपदाला उभ्या होत्या. त्यांचा आवाज कसा निघाला ते मला लिहिता येणार नाही. मग माझंही गायले. सकाळची रांग, हातातून ओढलेलं पुस्तक, खणातला नियम. फानेसी प्रत्येक ओळ इंग्रजीत सांगत होती, आणि माझी ओळ आली तेव्हा तिनं ताट खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. मग तिनं तीही सांगितली.

"एनेलेसी, हात गेले माझे," अलेफा कुजबुजली.

"मग पाय लाव. पण थांबू नकोस."

मोडलेला पाय सुजला होता. हाताला जुन्या फोडांवर नवे फोड आले. मजा येत होती मला. खोटं कशाला लिहू? सरांची मान चटईकडे गेलेली बघून असा गोडवा जिभेवर येत होता, जसा पहिल्या उसाच्या कांड्याचा.

पाहुणीनं सितोलो साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांना आता न कळल्यासारखं करणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, "सर, यादी कुठे आहे?"

"ऑफिसात असेल, साहेब. उद्या बघतो."

मी गायलं, "यादी निळ्या फायलीत गं, फाईल काखेत दडली."

"काढ रे बाबा काढ, काखेला ऊब चढली," बाया म्हणाल्या, आणि नासिबेको आजी इतकी हसली की तिची तपकीर सांडली.

सरांनी फाईल काढली. साहेबांनी पेन दिलं. सर माझ्या अंगणात, माझ्या सुपावर कागद ठेवून लिहायला लागले. फानेसी बाजूला उभी राहून प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होती. सात झाली. चिमवेम्वेनं मुसळ खाली ठेवलं. अलेफानं ठेवलं. मी ठेवलं नाही.

"आता काय राहिलं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"आठवं," मी म्हटलं. गायलेही नाही, नुसतं म्हटलं, कांडता कांडता. "एनेलेसी जाफाली. सोळा वर्षांपूर्वी वर्ग आठवी. कागद खणात आहे."

सरांनी वर बघितलं. "तुझं वय काय आता? लाज वाटत नाही लेकीबरोबर बसायला?"

"तुम्ही लिहा, सर. लाजेचं मी बघते."

साहेब म्हणाले, "वयाची अट नाही. लिहा." पाहुणी बघत होती म्हणून म्हणाले, मला माहीत आहे. सरांनी लिहिलं. जाफालीत त्यांचं पेन अडलं, शाई उमटेना. त्यांनी पेन झटकलं आणि परत लिहिलं.

मी मुसळ खाली ठेवलं.

पाहुण्यांनी चार वर्ग दुसऱ्या गावाला दिले. पुढचे दोन महिने नळावर माझी भांडी कुणी पुढे सरकू दिली नाहीत. ज्यांच्या मुलांची नावं कधी खोडली गेली नव्हती त्या बाया म्हणाल्या, "तुझ्या जिभेनं चार वर्ग गिळले." मी म्हटलं, "भिंती मिळाल्या असत्या. आत बसायला लेकी कुठून आणल्या असत्या?" त्यांना पटलं नाही. नाही पटलं तर नाही. सरांना काही झालं नाही. बदलीला दुसरा माणूसच मिळत नव्हता, म्हणून तेच शाळेत राहिले, तेच आठवीला शिकवतात.

आणि मी आठवीच्या वर्गात फानेसीशेजारी पहिल्या बाकावर बसते. मुद्दाम. ते फळ्याकडून वळले की पहिली मी दिसते. मला कळलं नाही की मी विचारते, कळलं तरी कधीकधी विचारते. ते 'बस' म्हणाले की 'हो सर' म्हणते आणि बसते. त्या दिवसाचं आम्ही दोघं एक शब्द बोलत नाही, मुसळाचा नियम आहे. लिहिण्याबद्दल मात्र नियमात काही नाही, म्हणून हे लिहिलं.

मागच्या सोमवारी शेतकीची पुस्तकं आली. दोघींत एक. सर एकेका बाकावर वाटत आमच्याकडे आले आणि पुस्तक पुढे केलं. फानेसीनं हात उचलला, तर मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावला. तिनं हात खाली घेतला.

पुस्तक धरून सर उभे होते. सगळा वर्ग बघत होता. मीही बघत होते, पुस्तकाकडे नाही, त्यांच्याकडे. त्यांनी पुस्तक आणखी थोडं पुढे केलं, आणि मी अजून थोडा वेळ घेतला.