दोन वसाहतींमधले फाटक

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. दोन वसाहतींमधल्या भिंतीत उभे आहे. खरे तर नकाशात मला जागाच नव्हती. पण नकाशा काढणाऱ्या बाई हट्टाला पेटल्या, "माणसं एकमेकांकडे जाणार कुठून?" मग एका लोहाराने मला घडवले.

मित्रांनो, ते दिवस सुखाचे होते. मुले माझ्यावर झोके घेत. पलीकडच्या निवृत्त नर्समावशी अलीकडे, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या घरी येत. त्यांच्या बायकोला दमा होता. तिला वाफ द्यायची आणि गप्पा मारून परतायचे, हा मावशींचा नेम.

एकदा अलीकडच्या कुणाची तरी सायकल चोरीला गेली. "चोर पलीकडचाच असणार," अलीकडच्या वसाहतीचे अध्यक्ष म्हणाले. कुणी काही पाहिले नव्हते, तरी माना हलल्या. भिंत दोन पुरुष उंच झाली, वर काचा रोवल्या आणि मला कुलूप लागले. माझ्या बिजागऱ्या गंजल्या. मुले मला बिचकू लागली. आज ना उद्या आपण भंगारात जाणार, या धास्तीने मी झुरत होते.

एका दुपारी घड्याळजी अनवाणी धावत आले. "मावशी! अहो मावशी! हिला श्वास घेता येईना!"

मावशी वाफेचे यंत्र घेऊन आल्या. पण माझ्या गजांतून हात जात होता, यंत्र जात नव्हते. रस्त्याने वळसा अर्ध्या तासाचा. किल्ली अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष परगावी.

"तिला बसवून ठेवा, आडवी करू नका!" मावशी ओरडल्या. घड्याळजी तिला सावरायला घराकडे पळाले. मी इतके कधीच घाबरले नव्हते. वाटेत मीच उभे होते!

तेवढ्यात पलीकडचा नळदुरुस्तीवाला पहार घेऊन धावला. "मागे व्हा, मावशी!" तिसऱ्या घावाला कडी तुटली. मावशी त्या वयात पळत सुटल्या.

संध्याकाळी घड्याळजी माझ्यापाशी बसून हुंदके देऊ लागले. मला वाटले, ती गेली. मागून मावशी आल्या. "रडून घ्या. वाचली ती."

अध्यक्ष परतले ते नवे कुलूप घेऊनच. घड्याळजींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतले. "बरं, मग सभेतच ठरवू," अध्यक्ष म्हणाले. सभा उद्या आहे.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातले कुणी शहरे आखतील, कुणी अशा सभांत हात वर करतील. त्याआधी एकदा पलीकडे जा. तिथे कोण राहते, ते विचारून या.

आज सकाळीच कुणीतरी माझ्यासमोर, मला बुजवण्यापुरत्या विटा आणून टाकल्या आहेत.