पिशवीतली गाठ

डॉक्टर नीताबाईंचा फोन दीपेशने कळंबोलीच्या लोखंड बाजारात घेतला. शेजारी ट्रकमधून सळया उतरत होत्या. त्या खणखणाटात माझ्या लेकाने जे ऐकलं, तेच घरी येऊन सांगितलं, “आये, निशाची पिशवी काढायची हाय.”

निशा, माझी सून. पाळीत अंगावरून इतकं जायचं, की पोर पिवळी पडली होती. पण मूल हवं होतं तिला. गर्भपिशवीच काढली तर कसलं मूल? ती भाकरीचा उंडा हातात धरून तशीच बसली.

शेजारची रमा म्हणाली, “काढ गो! आमच्या कोन गावात किती जणींच्या काढल्या. काय अडलं?”

“त्यांची पोरं झाल्यावर काढली ना, काकी?” निशा म्हणाली. रमा पदर सावरत उठली.

खांदा कॉलनीत मी ज्या बुवांचं कीर्तन ऐकते, ते अभंगातलं एक अक्षर कुणी गिळलं तरी टाळ थांबवतात. म्हणतात, “माउली, अर्थ सांडला!” मला तेच आठवलं. म्हटलं, “निशा, ऐकीव बोलावर रडायचं नाय. चल, बाईंच्याच तोंडून ऐकू.”

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. “अहो, पिशवी नाही, पिशवीतली! पिशवीतली गाठ काढायचीय!”

मग त्यांनी यंत्र दाखवलं. बारीक, लवचीक नळी, टोकाला इवलासा चिमटा. म्हणाल्या, “हा रोबो.”

“ह्यो? मला वाटलं माणसायेवढा असंल!”

बाई हसल्या. “पोट न कापता खालच्या वाटेने जातो, वळेल तिथे वळतो. गाठ तेवढी खुडायची, चांगल्या भागाला धक्का नाही. मूल होईलच, असं वचन मी देत नाही. पण निशा, तुला विचारल्याशिवाय पिशवी काढणार नाही.”

निशा म्हणाली, “मग करा.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर बसून मी हळूच नामस्मरण करत होते. दीपेश पुटपुटला, “आये, आधी माझं कान तपासाय पायजे होतं.”

“तुझ्या कानात रोबो जायाचा नाय, मळ लय हाय!”

इतक्यात बाई बाहेर आल्या. गाठ निघाली होती, पिशवी शाबूत होती. पांडुरंगाने त्यांच्या हातांना यश दिलं.

निशाला जाग आली तेव्हा तिने माझा पदर धरला. “आई, पिशवी?”

“हाय.”

“खरंच?”

“हाय गो बाय, हाय.”

तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाली, “भूक लागलीय.”